थोरलीचा वेगळा तांब्या

आमची चांगुणा वहिनी नगरला नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं एका सापळ्यापुढं डोक्यावर पदर घेतला. खोटं नाही सांगत. वर्गात माणसाच्या हाडांचा सापळा टांगलेला, शिकवणाऱ्या बाई छडी लावून एकेक हाड दाखवताहेत, आणि बोलता बोलता म्हणाल्या, हा पुरुषाचा सापळा आहे. झालं. वहिनीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "चांगुणा, अगं वर बघ, नाहीतर शिकशील कशी?" तर ही म्हणते, "बाई, कुनाच्या तरी घरचं थोरलं मानूस असंल की त्ये." सगळा वर्ग हसला. पण त्या दिवसापासून त्या बाई सापळ्याला छडी टेकवीनात, बोटानंच दाखवू लागल्या.

ही गोष्ट मी आजवर इतक्या वेळा सांगितली आहे की नातवंडं मला मध्येच थांबवून शेवट सांगून टाकतात. मी मराठी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो तरी बोलल्यासारखंच उतरतं, आणि एका गोष्टीच्या शेपटीला दुसरी बांधलेली असते. सापळ्याच्या गोष्टीला जी बांधलेली आहे ती मात्र मी फारशी सांगत नाही. ती थोरलीची.

थोरली म्हणजे लंकाबाई, माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. आमचं गाव तिसगावपासून कोसभरावर. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळं तिच्याकडं भाकरी थापली की आमच्याकडं ऐकू यायचं. चुलते लवकर वारले. तिला एकच मुलगा, गोरक्ष. माझ्याहून थोडा मोठा, विहिरीत उडी मारताना आधी शिट्टी वाजवायचा. चांगुणा त्याची बायको. लग्नाला दोन दिवाळ्याही झाल्या नव्हत्या, तेव्हा गोरक्षला मुदतीचा ताप भरला.

त्या काळी आमच्याकडं तापात पाणी देत नसत. पाणी पोटात गेलं की ताप आत मुरतो, असं सगळेच म्हणायचे. गोरक्ष पाणी पाणी करायचा. थोरली ओली चिंधी त्याच्या ओठाला लावायची आणि तो ती चोखू लागला की काढून घ्यायची. माझे वडील, आप्पासाहेब, उशाशी पहाऱ्याला बसलेले. घरातल्या कुणाला माया आवरली नाही आणि पाणी दिलं तर, म्हणून पहारा. शेवटी कुणीतरी तिसगावच्या मार्थाबाईंना बोलावलं. मार्थाबाई मिशनच्या नर्स. त्यांनी दारातूनच त्याचे ओठ पाहिले आणि म्हणाल्या, "आधी पाणी आणा." पाणी आणलं. त्याला ते गिळता आलं नाही.

मार्थाबाईंचं घराणं मूळचं महारवाड्यातलं, आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. त्यामुळं आमच्या आळीत त्यांना कुणी पाणी दिलं तर वरून ओंजळीत. गोरक्षचं तेरावं झाल्यावर त्या भेटायला आल्या, तेव्हा थोरलीनं आपला पितळी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तोंड लावून प्या." समोरच्या घरची मुक्ताबाई ओट्यावरून बघत होती. मार्थाबाई गेल्यावर ती म्हणाली, "लंके, त्यो तांब्या आता इस्तवात घालून घे."

थोरली म्हणाली, "माझ्या पोराला पानी न दिल्याला तांब्या हाय त्यो. त्याला आनि कसला इटाळ व्हायचा ऱ्हायलाय?"

मुक्ताबाई आत निघून गेली. आमच्या आळीत त्या बाईला गप्प केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या खेपेला थोरलीनं मार्थाबाईंना विचारलं, "ही तुमची इद्या बाईमानसाला शिकाया किती वरसं लागत्यात?" चांगुणा वहिनी माहेरी शाळेत गेलेली, तिला लिहायवाचायला येत होतं. मार्थाबाईंनी खटपट केली आणि नगरच्या मिशनच्या दवाखान्यात तिला घ्यायचं ठरलं. माझे वडील तणतणत आले.

"वैनी, मराठ्याची सून लोकांची घान काढाया धाडता का? लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू द्या, भावजी. तवा पानी द्या म्हननारं घरात कुनी न्हवतं. आता एक तरी असू द्या."

वडील जाता जाता म्हणाले, "जाऊ द्या. पर नापास झाली का मुकाट्यानं खुरपं धरायचं. पुन्यांदा नगरचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," थोरली म्हणाली. वहिनीला कुणी विचारलंच नाही. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

अशी वहिनी नगरला गेली. लढाईचे दिवस. तेलाच्या टंचाईनं मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. वहिनी सुट्टीला यायची ती निम्मी काळी होऊन. मी छकडा घेऊन तिसगावला आणायला जायचो. ती दिसली की वाटेतल्या वस्तीवरचा म्हातारा आसाराम छकडा अडवायचा. तिनं एकदा त्याच्या तोंडात ताप बघायची नळी धरली होती. नळी काढताच म्हातारा म्हणाला, "लई बरं वाटलं गं बाई. आनखी एक डाव लाव." त्यानंतर दर सुट्टीला त्याला ती नळी हवीच असायची. लावली नाही तर रुसायचा.

हातानं करायच्या कामात वहिनी पहिली. जखम धुवावी तर तिनं, बाळंतपणाला उभं राहावं तर तिनं. पण शेवटच्या वर्षाच्या लेखी परीक्षेत 'आरोग्य आणि रोग' या विषयात ती नापास झाली. पुस्तकातली भाषा डोक्यात राहायची नाही, पटकीची लक्षणं हिवतापाला जायची आणि हिवतापाची घटसर्पाला. दिवाळीनंतर आणखी एकदा बसता येईल, तेव्हाही गेली तर घरी, असं तिला सांगितलं. इकडं माझ्या वडिलांनी खुरप्याला नवी मूठ बसवून ठेवली.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली आणि लिंबाखाली बसून मोठ्यानं घोकू लागली. थोरली शेजारी बाजरी पाखडत होती. उन्हाळाभर तिला खोकला होता. खळ्यातलं भुसकट छातीत गेलंय म्हणायची. दोन-तीन दिवस तिनं ते घोकणं ऐकलं आणि म्हणाली, "चांगुने, तुला जात्यावरच्या वव्या किती येत्यात?"

"कुनी मोजल्यात, आत्याबाई?"

"त्या कोनच्या बुकात वाचल्यास?"

वहिनी हसली. गोरक्ष गेल्यानंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटलं की दोघी जात्यावर. एका खुंट्याला दोघींचे हात. वहिनी पुस्तकातला आजार साध्या बोलीत सांगायची आणि थोरली त्याची ओवी करायची. भिंतीपलीकडं अंथरुणात पडल्या पडल्या मी ऐकायचो.

थंडी भरून ताप येतो, घाम फुटून उतारतो,
डबक्यातला डास बाई घरोघरी पेरीतो.

आळीतल्या बाया आपलं दळण घेऊन थोरलीच्या जात्यावर यायला लागल्या. हिवतापाची ओवी आसारामाच्या कानावर गेली, तर त्यानं त्याच दिवशी दारापुढचं डबकं मुरूम टाकून बुजवलं. म्हणे, "आज जात्यावर माझं डबकं निघालं, उद्या नाव निघंल." पटकी झाली, घटसर्प झाला, खरूज, नारू झाला. वहिनीला सगळं पाठ व्हायला लागलं, आणि ते पुन्हा एकमेकांत कालवलं नाही, कारण प्रत्येक आजाराला थोरलीनं निराळी चाल दिली होती.

मग एक दिवस क्षय निघाला. वहिनी लक्षणं सांगत गेली आणि थोरली ओवी बांधत गेली.

सांजच्याला अंग तापं, पहाटं भिजं चोळी,
खोकल्यात लाल थेंब, वाळून देहाची झाली मोळी.

जातं थांबलं. भिंतीपलीकडून मला ते थांबलेलं कळलं, कारण दळणाच्या मध्ये थोरलीचा हात कधी थांबत नसे. वहिनी म्हणाली, "दमलात का, आत्याबाई?" थोरली म्हणाली, "व्हय. आता ह्यो दुसऱ्याला कसा लागतो आन् काय राखायचं त्ये सांग. नीट सांग." वहिनीनं नीट सांगितलं, पुस्तकात होतं तेवढं सगळं. औषधाबद्दल थोरलीनं विचारलं, तर वहिनी म्हणाली, "खात्रीचं औषद न्हाई अजून. आराम, दूध, मोकळी हवा." जातं पुन्हा फिरलं आणि दुसरी ओवी आली.

ताट येगळं, तांब्या येगळा, लेकरू घेऊ नये मांडी,
थुंकी राखंत पुरावी बाई, उकळून घ्यावी भांडी.

आम्हाला कुणालाच तेव्हा काही कळलं नाही. आता तुम्हाला कळलंच असेल. थोरलीची चोळी त्या उन्हाळ्यात रोज पहाटे भिजत होती. तिनं आपला आजार आपल्याच ओवीत ओळखला आणि त्याच जात्यावर बसून गप्प राहायचं ठरवलं. सून परीक्षा टाकून उशाशी बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सून एकदा घरी बसली की खुरपं तयारच होतं.

सुट्टी संपून वहिनी गेली, आणि थोरली बदलली. ती पडवीत राहायला लागली. ताट वेगळं, तांब्या वेगळ्या कोनाड्यात. माझी धाकटी बहीण दिवसभर तिच्या मांडीवर असायची, तिला आता जवळ येऊ देईना. पोरगी रडायची. माझी आई रागावली, "पोरीनं काय केलंय तुमचं?" थोरली नुसती म्हणायची, "लांब घेऊन जा."

दिवाळीला वहिनी आली. मीच छकड्यातून आणली. नेहमीसारखी ती आधी सासूच्या पाया पडायला वाकली, तर थोरली मागं सरकली. "लांबूनच पड." जेवायला वहिनीनं ताट वाढून आणलं, तर म्हणाली, "खाली ठेव. माझं मी घेईन." वहिनीला तहान लागली होती. तिनं कोनाड्यातला पितळी तांब्या उचलला, तर थोरली ओरडली, "त्याला शिवू नगं!"

समोरून मुक्ताबाईनं ऐकलं. तिला आणखी काय पाहिजे? दिवेलागणीच्या आत आळीभर झालं की लंकाबाईनं सुनेचा विटाळ धरला. "तरी म्या म्हनत हुते," मुक्ताबाई म्हणाली, "समद्या जातीची घान काढनारीला घरात कोन घेईल? लंकीला उशिरा सुचलं, पर सुचलं."

वहिनी पडवीपुढं जाऊन उभी राहिली. मी अंगणात बैल बांधत होतो. तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

"आत्याबाई, मार्थाबाईंला तुमी तोंड लावून पानी दिलं. मला न्हाई?"

थोरलीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय. धरते मी इटाळ. जा तुझ्या दवाखान्यात."

एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिला खोकला आवरायचा होता, हे आज मला कळतं. तेव्हा आम्हाला वाटलं, तिला सुनेचं तोंड बघायचं नाही.

भाऊबीजेलासुद्धा वहिनी थांबली नाही. मीच तिला छकड्यातून तिसगावला सोडलं. मोटारीत चढताना म्हणाली, "सहादेव भावजी, मी आता पासच हुनार. आन् पास झाले का ह्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई." मी घरी येऊन थोरलीला ते तसंच सांगितलं. ती म्हणाली, "पास हुनार म्हनली? तसंच म्हनली?" मी म्हटलं हो. ती कितीतरी वेळ मान हलवत राहिली. मला वाटलं, म्हातारीला राग आलाय.

परीक्षेत नेमका क्षयावर मोठा प्रश्न आला. वहिनी लिहिता लिहिता गुणगुणायला लागली. देखरेखीच्या बाई येऊन म्हणाल्या, "हे काय? परीक्षेत गाणं?" वहिनी म्हणाली, "गानं न्हाई बाई, उत्तर हाय." सापळ्याच्या गोष्टीनंतर मी कधी कधी इथपर्यंत सांगतो. लोक हसतात आणि मी थांबतो.

संक्रांतीच्या सुमाराला मी कांदा घेऊन नगरला निघालो, तेव्हा थोरलीनं पडवीतून हाक मारली. "तेवढं इचारून ये. पास का नापास." मी दवाखान्याच्या फाटकाशी गेलो. वहिनी पांढऱ्या लुगड्यात बाहेर आली. परीक्षेचा निकाल आदल्याच दिवशी लागला होता. पास. मला इतका आनंद झाला की मी फाटकाच्या शिपायालाच मिठी मारली. वहिनीही हसली. मग म्हणाली, "आत्याबाईंनी काय न्हाई धाडलं?" दर वेळी शेंगदाण्याचे लाडू असायचे ना.

मला वाटलं, तिला जरा हसवावं. म्हणून थोरलीच्या तऱ्हा रंगवून सांगायला लागलो. "लाडू कुठले, वैनी? म्हातारी आता हातचं कुनाला कायबी देत न्हाई. राखंचं गाडगं घेऊन बसती. त्यात थुंकती आन् परड्यात खड्डा काढून पुरून येती, जसं काय मोहरांचा हंडाच! आपलं ताट आपन उकळती. आन् पोरगी जवळ गेली का..."

वहिनीचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही. तिनं विचारलं, "सांजच्याला अंग तापतंय का त्यांचं?"

"तापत असंल. दिवेलागनीलाच गोधडी घेत्यात."

"वाळल्यात का?"

मी हो म्हणालो. तिनं फाटकाचा गज धरला. "भावजी, म्याच त्यांना सांगितलं समदं," ती म्हणाली. "एकेक करून म्याच सांगितलं."

रजा मागून ती माझ्याबरोबरच निघाली. रिकाम्या पोत्यांवर बसून नगरपासून गावापर्यंत. वाटेत आसारामानं छकडा अडवला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि नळीचं नाव न काढता बाजूला झाला.

थोरली पडवीत उन्हाला बसली होती. आम्हाला बघून तिनं हात वर केला, थांब म्हणून.

"पास झालीस का?"

"झाले, आत्याबाई."

"मग आता ये. पर तोंडाला पदर धर."

वहिनी पदर धरून जवळ गेली आणि खाली बसली. थोरली म्हणाली, "पास झालीस न्हवं? मंग सांग, काय झालंय मला?"

"मला न्हाई सांगता यायचं."

"मंग कसली पास?"

वहिनी रडत होती, आणि थोरली हसत होती, खोकत होती, आणि खोकला आला की तोंड फिरवून गाडगं जवळ ओढत होती. "तू रडाया लागली असतीस आन् परीक्षा ऱ्हायली असती," ती म्हणाली. "रागावलीस, म्हून गेलीस. राग बरा."

वहिनीनं तिला नगरला न्यायचं काढलं. थोरली म्हणाली, "औषद न्हाई म्हनली हुतीस ना? मंग हितंच ऱ्हाऊ दे." मार्थाबाई येऊन बघून गेल्या आणि बाहेर आल्यावर त्याही तेच म्हणाल्या. वहिनीनं रजा वाढवून घेतली. पडवीची भिंत थोडी पाडून वारा आत घेतला, शेळी आणली. त्या दिवसांत दोघी सासू-सुना जितक्या बोलल्या तितक्या आधी कधी बोलल्या नसतील, पण बोलायच्या ते चार हात अंतरावरून. वहिनी जवळ सरकली की थोरली ओवीतली ओळ म्हणायची, "ताट येगळं, तांब्या येगळा", आणि वहिनी मागं सरकायची. वहिनी पुढं तिसगावात मार्थाबाईंच्या जागी आली, म्हातारी होईपर्यंत गावोगाव हिंडली. कुणाच्या घरी आजाऱ्याचं ताट वेगळं करायची वेळ आली आणि घरच्यांना राग आला, तर ती शांतपणे बसून राहायची, राग ओसरेपर्यंत. पण ते सगळं नंतरचं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी थोरलीनं पाणी मागितलं. घरात माणसं जमलेली, माझे वडील दाराशी बसलेले. वहिनीनं तोच पितळी तांब्या घेतला आणि चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं बाहेर आलं, अर्धं आत गेलं. गिळलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं थोरली गेली.

वहिनीनं तिचे डोळे मिटले, पदर सारखा केला, आणि अंगणात येऊन साबणानं हात धुवायला बसली. बोटांच्या बेचक्यात, नखांत, कोपरापर्यंत, तिला शिकवलं होतं तसं. मुक्ताबाई बायकांना म्हणाली, आणि हळू म्हणाली नाही, "बघा गं. सासूला पानी पाजलं आन् लगी हात धुतीया. शिकली आन् किळस शिकली."

वहिनीनं मान वर केली नाही. म्हणाली, "आत्याबाई बघत असत्या तर आनखी एक डाव धुवाया लावलं असतं."

मग माझे वडील उठले. गोरक्षच्या उशाशी पाण्यावर पहारा करणारे तेच आप्पासाहेब. त्यांनी रांजणातून बादली भरून आणली, सुनेपुढं उकिडवे बसले आणि तिच्या हातांवर पाण्याची धार धरली.

"बास का, पोरी?"

"अजून, आप्पा."

ते ओतत राहिले.